वंगण न मागणारा सांधा

पावसाळा सरत आला की पेडणे तालुक्यातील कोरगावसारख्या गावात मोटारगाड्यांचे आवाज बदलतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडाच्या टेकड्यांवरून उतरणारे पाणी रस्त्याच्या कडा खाते, डांबराखालची खडी उघडी पाडते आणि भातशेतीच्या बांधालगत जाणाऱ्या अरुंद वाटांवर खळगे पाडते. अशा वाटेवरून चार महिने धावलेल्या मोटारीच्या पुढच्या चाकांकडून मग ‘टक् टक्’ असा बारीक आवाज येऊ लागतो. ब्रेक लावला की गाडी किंचित एका बाजूस ओढते. टायर आतल्या कडेला लवकर झिजतो. गाडीत बसलेला मनुष्य रस्त्याला दोष देतो. वास्तविक दोष पुष्कळदा मूठभर आकाराच्या एका भागात असतो. या भागाला बुश म्हणतात.

चाक ज्या भुजेवर किंवा ज्या पाट्यांवर तोललेले असते, ती भुजा अगर ते पाटे गाडीच्या सांगाड्याला जेथे जोडलेले असतात, त्या सांध्यात हा बुश बसविलेला असतो. चाक खळग्यात गेले की भुजा वरखाली हलते. म्हणजे सांधा हलता हवा. पण तो सैल असून चालत नाही, कारण चाकाची दिशा त्याच्यावरच अवलंबून असते. हलणारा आणि तरीही घट्ट असा सांधा कसा करावा, या प्रश्नाची उत्तरे माणूस चाकाची गाडी वापरू लागल्यापासून शोधीत आला आहे. त्या उत्तरांचा इतिहास मोटारींच्या ग्रंथांत एका कोपऱ्यात सापडतो. पण सामान्य माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंध फार जवळचा आहे.

पहिले उत्तर बैलगाडीचे. लाकडी तुंबा लोखंडी आसावर फिरतो, आणि दोहोंच्या मध्ये वंगण असते. वंगण संपले की गाडी कुरकुरू लागते, तुंबा तापतो, आस झिजतो. म्हणून गाडीवान लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चाक सरकवून आसाला वंगण लावीत असे. हे काम कमीपणाचे मानले जाई. परंतु त्यातून एक गोष्ट आपोआप साधत असे. वंगण लावण्यासाठी वाकलेल्या गाडीवानाची नजर आसावर, आरांवर आणि धावेवर पडत असे. कोठे तडा गेला आहे, कोठे खीळ सैल झाली आहे, हे त्याला निघण्यापूर्वीच कळत असे. वंगण लावणे ही एका अर्थाने गाडीची तपासणीच होती.

पुढे युरोपात बग्ग्यांना पोलादी पाटे आले. लंडनच्या ओबाडाया इलियट या बग्गी बांधणाऱ्या कारागिराने १८०४ साली लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना सिद्ध केली, आणि प्रवाशाच्या हाडांना बसणारे धक्के पुष्कळ कमी झाले. पण पाट्यांबरोबर सांध्यांची संख्या वाढली. पाटा दबला की त्याची लांबी बदलते. म्हणून त्याचे एक टोक झुलत्या कडीला जोडावे लागते. त्या कडीतली खीळ जिच्यात हलते ती नळी, म्हणजे त्या काळचा बुश, काशाची असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या तेव्हा त्यांनी बग्गीचे हेच पाटे आणि हेच काशाचे बुश उचलले. हेन्री फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडीलाही पुढे एक व मागे एक असे आडवे पाटेच होते.

धातू धातूवर घासतो तेथे वंगण हवेच. त्या काळच्या मोटारीला अनेक ठिकाणी तेल वा ग्रीस द्यावे लागे, आणि हे काम रोजच्या नाही तरी आठवड्याच्या दिनक्रमात असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील आर्थर गुलबॉर्ग याने दाबाने ग्रीस भरण्याची पिचकारी आणि तिच्यासाठी सांध्यावर बसविण्याची छोटी तोटी तयार केली. ‘अलेमाइट’ या नावाने ती जगभर गेली. ग्रीस गन आणि निप्पल हे शब्द गावोगावच्या गॅरेजांत आजही रुळलेले आहेत. काम सोपे झाले, परंतु संपले नाही. पावसाळी प्रदेशात तर चिखल आणि पाणी ग्रीस धुऊन नेत. आणि ग्रीसमध्ये मिसळलेली जांभ्याची बारीक माती पॉलिश कागदासारखी काशाचा बुश खात राही.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर रबराने दिले. चार्लस गुडइयर याला १८३९ साली असे आढळले की, कच्चे रबर गंधकाबरोबर तापविले असता ते उन्हाने चिकट होत नाही आणि थंडीने तडकतही नाही. त्याचा अमेरिकन एकाधिकार त्याला १८४४ मध्ये मिळाला. इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यानेही त्याच सुमारास ही क्रिया साधली. गंधकामुळे रबराचे लांबलचक रेणू एकमेकांस जखडले जातात. म्हणून ते ताणले किंवा पिळले तरी सोडताच मूळ रूपावर येतात. परंतु या गुणाचा सांध्यासाठी पुरता उपयोग होण्यास आणखी ऐंशी वर्षे जावी लागली.

१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये ‘सायलेंटब्लॉक’ नावाचा सांधा निघाला. नावाचा अर्थ उघड आहे: आवाज न करणारा ठोकळा. त्यात लोखंडाच्या दोन नळ्या असतात, एक लहान व एक मोठी, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत रबर दाबून भरलेले असते. आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळून टाकतात. बाहेरची नळी भुजेच्या भोकात दाबून बसवितात. भुजा हलली की दोन्ही नळ्यांपैकी कोणतीही कशावर घासत नाही. मधले रबर तेवढे पिळले जाते आणि पुन्हा सरळ होते. जेथे घर्षण नाही तेथे वंगण नको. जेथे वंगण नको तेथे निप्पल नको, पिचकारी नको आणि दर आठवड्याला गाडीखाली शिरणेही नको. ही कल्पना इतकी यशस्वी झाली की त्या कंपनीचे नावच वस्तूचे नाव होऊन बसले. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत ते जवळजवळ जसेच्या तसे चालते, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचे ‘सिनोब्लोको’ झाले आहे.

रबराने मोटारीत एकदा प्रवेश केल्यावर त्याचा विस्तार झपाट्याने झाला. १९३१ साली क्रायस्लर कंपनीने प्लिमथ गाडीचे इंजिन रबराच्या टेकूंवर बसविले, आणि थोड्याच काळात फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनेही ती रचना घेतली. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र भुजा आल्या. भुजा आल्या तसे सांधे वाढले आणि सांधे वाढले तसे बुश वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांत काही सांधे ग्रीसचे आणि काही रबराचे, असा संमिश्र प्रकार दीर्घ काळ चालू होता.

या सर्व गाड्यांची गोव्यात गाठ पडली ती एका विलक्षण राजकीय परिस्थितीत. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे आणि सीमेवरील इतर ठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या वर्षी भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि रेल्वे वाहतूकही थांबली. सावंतवाडीच्या बाजारपेठेशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार करणाऱ्या पेडण्याला तेरेखोल नदीपलीकडचे आरोंदा हे गाव एकाएकी परदेश झाले. दुसऱ्या बाजूस डिचोली आणि आसपासच्या भागातील लोहखनिज जपान व पश्चिम जर्मनीकडे जाऊ लागले होते. खनिजाच्या या पैशावर मुरगाव बंदरातून परदेशी माल येत राहिला, आणि त्यात मोटारीही होत्या. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात सहसा न दिसणाऱ्या युरोपीय बनावटीच्या गाड्या गोव्याच्या रस्त्यांवर दिसत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नाकेबंदी संपली, सीमा गेली, आणि आरोंदा पुन्हा शेजार झाले. परंतु या मोटारींच्या बाबतीत एक नवी अडचण उभी राहिली. परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. ज्या बंदरातून गाडी आली होती त्या बंदरातून तिचा सुटा भाग मात्र सहजासहजी येऊ शकत नव्हता. तरीही मर्सिडीज बनावटीच्या जुन्या डिझेल गाड्या गोव्यात पुढे कित्येक वर्षे टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. ज्या गाडीचा कारखाना हजारो मैल दूर आहे आणि जिचा बुश बाजारात मिळत नाही, ती गाडी चालू ठेवणे हे मालकाच्या आणि मेस्त्रीच्या हिकमतीवर अवलंबून होते.

भारतात त्या काळी दोन गाड्यांचे राज्य होते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० तयार होऊ लागली. याच गाडीच्या वंशजाला १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिला पुढे भुजा व गुंडाळी स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. दुसरी अॅम्बॅसडर, इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ही गाडी पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनत असे, आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. तिच्यात ग्रीसचे निप्पल आणि रबराचे बुश दोन्ही नांदत होते. या गाड्यांचे बुश लहान शहरांतही मिळत; आणि रचना दशकानुदशके फारशी न बदलल्याने एकदा शिकलेली दुरुस्ती आयुष्यभर पुरत असे.

पेडण्याची भूरचनाही या दुरुस्तीला घराच्या अंगणात आणण्यास कारण झाली. उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या दोन नद्यांमध्ये हा तालुका आहे. म्हापशाच्या बाजारास जावयाचे तर शापोरा ओलांडावी लागते. शिवोली व चोपडे यांना जोडणारा पूल होण्यापूर्वी त्या मार्गावर फेरीबोटीखेरीज गत्यंतर नव्हते. सैल सांध्याची गाडी फेरीवर चढवून पलीकडे नेणे, दिवसभर गॅरेजमध्ये थांबणे आणि संध्याकाळची फेरी गाठणे, यापेक्षा नवा बुश खिशात घालून घरी आणणे पुष्कळदा सोयीचे ठरे.

जेथे बुश मिळत नसे तेथे जुन्या टायरचे रबर कापून किंवा लेथवर गोल करून बसविण्याची युक्ती भारतभर प्रचलित होती. ती वेळ निभावून नेई, पण फार दिवस नाही. टायरचे रबर नळीला चिकटलेले नसते. ते पिळले न जाता घसरते, घासते आणि पुन्हा कुरकुरू लागते. सायलेंटब्लॉकचा सारा गुण रबर दोन्ही नळ्यांना घट्ट धरून असण्यात आहे. आकार मिळाला पण पकड मिळाली नाही, असा तो प्रकार होता.

घरगुती दुरुस्तीची जी पद्धत अनुभवातून स्थिर झाली, तिच्यातील प्रत्येक पायरीमागे या वस्तूचा स्वभाव आहे. पहिली गोष्ट गाडी उचलण्याची. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे प्राणाशी खेळ. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गोव्याच्या अंगणात जांभ्याचा चिरा हाताशी असतो आणि तोच टेकू म्हणून लावण्याचा मोह होतो. परंतु जांभा सच्छिद्र दगड आहे. एका कोपऱ्यावर भार आला की तो सूचना न देता फुटतो. लोखंडी घोडी किंवा आडवेतिडवे रचलेले जाड लाकडी ओंडके हाच खरा टेकू, आणि तोही सपाट, टणक जमिनीवर. ज्या रचनेत दाबलेली गुंडाळी स्प्रिंग सोडवावी लागते ती अंगणात उघडूच नये. सुटलेली स्प्रिंग हात मोडू शकते, जीवही घेऊ शकते.

दुसरी गोष्ट जुना बुश काढण्याची. गंजलेली बाहेरची नळी भुजेला वर्षानुवर्षे चिकटलेली असते. पूर्वी पुष्कळ ठिकाणी रबर जाळून काढीत. ते काम झटपट होते. पण तो धूर विषारी असतो आणि त्या उष्णतेने भुजेच्या पोलादाची ताकदही बिघडू शकते. त्यापेक्षा रबर कापून काढावे आणि हॅक्सॉचे पाते आतून चालवून नळीला एक चीर द्यावी, म्हणजे ती आकसून सुटते. मात्र भुजेच्या भोकाला ओरखडा जाता कामा नये.

तिसरी गोष्ट नवा बुश बसविण्याची. कारखान्यात यासाठी प्रेस असतो. घरी त्याची जागा एक लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि बुशापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा पाइपाचा तुकडा घेतो. नट आवळत गेले की बुश सरळ रेषेत भोकात ओढला जातो. हातोड्याने ठोकल्यास तो तिरपा होतो आणि नळीची कड मुडपते. जेथे सुटे रबर सरकवावयाचे असते तेथे साबणाचे पाणी लावावे. इंजिनाचे तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि नरम पडते. येथे इतिहासाची एक गंमत आहे. जे ग्रीस शतकानुशतके सांध्याचे औषध होते, तेच या नव्या सांध्याला अपायकारक ठरते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि हीच पुष्कळ वेळा चुकते. मधल्या बोल्टचा शेवटचा आवळ गाडी उचललेली असताना देऊ नये. त्या स्थितीत चाक खाली लोंबत असते. तेथेच आतली नळी आवळली, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि उभ्या गाडीतही ते पिळलेलेच राहते. असा बुश वर्षांच्या ऐवजी महिन्यांत फाटतो. म्हणून चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन त्यांच्यावर येऊ देऊन, मगच बोल्ट पुरता आवळावा. शेवटी दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळी बदलून चाकांची दिशा यंत्रावर तपासून घ्यावी. हे मोजमाप मात्र अंगणात होत नाही, त्यासाठी म्हापशासारखे शहर गाठावे लागते. घरगुती दुरुस्तीची मर्यादा कोठे आहे हे ओळखणे हाही त्या विद्येचाच भाग आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि भारतीय मोटारीचे नवे पर्व सुरू झाले. निप्पल हळूहळू नाहीसे झाले. सर्वत्र रबर आले. पुढे काही गाड्यांत द्रव भरलेले बुश आले. हौशी लोक पॉलियुरेथेनचे अधिक टणक बुशही बसवू लागले. आणखी एक बदल मात्र फारशा चर्चेविना झाला. पुष्कळ गाड्यांत आता सुटा बुश विकलाच जात नाही. बुशासकट सबंध भुजा घ्यावी लागते. काम सुबक होते, वेळ वाचतो, चुकाही कमी होतात. पण थोडे रबर झिजले म्हणून चांगले पोलाद भंगारात जाते, आणि ज्या मनुष्याला लांब बोल्ट व पाइप यांनी हे काम साधत होते त्याच्या कौशल्याला जागा उरत नाही.

रबरी बुशाने वाहनमालकाला एका कंटाळवाण्या कामातून सोडविले, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु त्या कामाबरोबर त्याची नजरही गेली. काशाचा सांधा वंगण मागत असे आणि त्या निमित्ताने माणसाला वाकून पाहावयास लावीत असे. रबर काही मागत नाही. ते वर्षानुवर्षे मुकाट्याने पिळले जाते. ऊन, पाणी आणि हवेतील ओझोन यांनी त्याला बारीक चिरा पडतात, आणि आवाज ऐकू येईपर्यंत ते निम्मे फाटलेले असते. त्याचा परिणाम ओल्या उतारावर, जोराने ब्रेक लावण्याच्या क्षणी कळतो. आणि त्या वेळी समोरून शाळेची बस येत असेल तर वाकून पाहण्यास उशीर झालेला असतो.

मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्या भोवतीच्या रुंद मार्गावर गाड्या आता पूर्वीपेक्षा वेगाने धावतात, आणि त्याच गाड्या रात्री कोरगावच्या अरुंद, उंचसखल वाटेने घरी परततात. एकाच बुशाला दोन्ही रस्ते सोसावे लागतात. सुदैवाने या प्रदेशात एक जुना रिवाज टिकून आहे. दसऱ्याला गाडी धुतात, तिला झेंडूच्या माळा घालतात आणि तिची पूजा करतात. धर्म कोणताही असो, पावसाळा संपल्यावर गाडी स्वच्छ करण्याचा हाच काळ. त्या दिवशी बादलीभर पाणी चाकांच्या आतल्या बाजूस मारावे, बॅटरीचा उजेड भुजांच्या सांध्यांवर टाकावा आणि रबराला चीर पडली आहे काय ते पाहावे. गाडीखाली शिरण्याचीही गरज नाही. चाक पूर्ण वळवून बाहेरून पाहिले तरी पुष्कळसे दिसते. गाडीवान निघण्यापूर्वी वंगण लावताना जे पाहत असे, तेच वर्षातून एकदा पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.